नवोदयचे दार आणि तिसरीतले सहा महिने

२०२४ सालच्या श्रावणातली गोष्ट. आठ दिवसांच्या झडीनंतर ऊन पडले होते आणि सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसू लागल्याच्या तक्रारी येत होत्या. अशाच एका शिवारात फेरी मारून मी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी टेकलो. गावात सारे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणतो. पाच एकर कोरडवाहू, एक विहीर, दोन म्हशी. घर कष्टाळू आणि हिशेबाला चोख.

चहा देता देता वहिनींनी एक कागद माझ्यापुढे धरला. "साहेब, जरा हे बघता का? धाकटीचा नवोदयचा फॉर्म भरायचाय. गुरुजी म्हणतात, पोरगी हुशार आहे, नंबर लागंल."

पोरगी खरोखरच हुशार. मी फवारणीचे प्रमाण सांगावे आणि पंपाचा हिशेब तिने तोंडी करावा, असे दोनदा झालेले. मी आनंदाने कागद हातात घेतला. तिसरी, चौथी आणि पाचवी कोणकोणत्या शाळेत झाली, ते लिहायचे होते. चौथी व पाचवी गावच्या जिल्हा परिषद शाळेत. आणि तिसरी?

वहिनी म्हणाल्या, "तिसरीला दिवाळीपर्यंत तालुक्याच्या इंग्रजी शाळेत होती की. नंतर गाडीचं भाडं परवडंना, म्हणून परत आणली."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. कारण नियम मला ठाऊक होता. आणि २०२२ च्या जूनमध्ये, "आबा, पोरीला तालुक्याला घाला, पुढं कल्याण होईल," हा सल्ला देणारा मीच होतो.

बियाण्याचा सल्ला चुकला तर एक हंगाम जातो, पुढच्या वर्षी दुरुस्ती करता येते. हा सल्ला तसा नव्हता. त्याची रुखरुख मनात आहे, म्हणूनच आज पिकावर न लिहिता या प्रवेशाच्या नियमांवर लिहीत आहे. ज्यांच्या घरात दुसरी-तिसरीतले मूल आहे त्यांनी तर हे अवश्य वाचावे. पाचवीत गेल्यावर वाचून उपयोग नाही.

ही शाळा कुणासाठी?

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात असा विचार मांडला गेला की खेड्यातल्या हुशार मुलाला, घरची ऐपत असो वा नसो, उत्तम शिक्षण मिळाले पाहिजे. त्यातून जवाहर नवोदय विद्यालये उभी राहिली. पहिली दोन विद्यालये १९८५-८६ साली प्रयोग म्हणून सुरू झाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. आज देशात अशी साडेसहाशेवर विद्यालये आहेत. तामिळनाडूने मात्र तीन भाषांच्या प्रश्नावरून ती घेतली नाहीत.

सहावी ते बारावीपर्यंत मुले-मुली तिथेच राहून शिकतात. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके यांचा खर्च केंद्र सरकार करते. सहावी ते आठवी फी नाही. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला ६०० रुपये घेतात. त्यातून सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतली मुले यांना सूट आहे. सरकारी नोकरांच्या मुलांना मात्र ही रक्कम जास्त पडते.

एवढी सोय म्हटल्यावर गर्दी होणारच. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात आणि अर्ज येतात हजारांनी. म्हणून कुणाला घ्यायचे याचे नियम करावे लागले. नियम कडक आहेत, पण बरेचसे आपल्या बाजूचे आहेत. आपणच ते नीट वाचत नाही, ही खरी अडचण.

गाव की शहर? शाळा पाहतात, घर नव्हे

जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी राखलेल्या आहेत. म्हणजे ८० पैकी निदान ६०. उरलेल्या २० खुल्या असतात. त्यांवर शहरातली आणि खेड्यातली, दोन्हीकडची मुले गुणांनुसार येतात. एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी आहेत. अनुसूचित जाती व जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, पण देशाच्या सरासरीपेक्षा कमी नाही, असे आरक्षण आहे. केंद्राच्या यादीतल्या इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आहे. दिव्यांग मुलांसाठीही तरतूद आहे.

आता खरी मेख ऐका. ग्रामीण मूल कुणाला म्हणायचे? आपल्याला वाटते, ज्याचे घर खेड्यात, ज्याच्या बापाच्या नावावर सातबारा, ते ग्रामीण. नियम तसा नाही. नियम शाळा पाहतो. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे, पूर्ण सत्र, ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झाली असतील तरच मूल ग्रामीण. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव असले तरी ते मूल शहरी धरले जाते. एक दिवस म्हणजे एकच दिवस. आबांच्या लेकीचे तर सहा महिने होते.

शहरी भाग कोणता, हेही डोळ्यांनी पाहून ठरत नाही. २०११ च्या जनगणनेत जे शहरी म्हणून नोंदले आहे ते, आणि त्यानंतर सरकारने अधिसूचना काढून शहरी ठरवले ते. आपल्याकडे २०१४-१५ च्या सुमारास तालुक्याच्या कितीतरी गावांतल्या ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. तिथे आजही वेशीपासून ऊस लागतो, सकाळी गुरे चरायला निघतात. पण कागदावर ते शहर. तिथल्या शाळेत जाणारे मूल शहरी, मग ते रोज चार मैलांवरच्या वस्तीवरून पायी का येत असेना.

दुसरी एक अडचण आपल्या राज्यापुरती. आपल्याकडच्या पुष्कळ जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच आहेत. चौथी झाली की मूल पाचवीला हायस्कुलात जाते आणि हायस्कूल बऱ्याचदा तालुक्याच्या गावी असते. तीन वर्षांतली दोन गावात काढली आणि तिसऱ्या वर्षी सवलत गेली. अशा वेळी जवळच्या दुसऱ्या खेड्यात पाचवीचा वर्ग आहे का, ते आधी पाहावे. हेलपाटा जास्त पडेल, पण एका वर्षाचाच पडेल.

मोफत प्रवेशाचा कायदा आणि नवोदय

इथे आणखी एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे, कारण लोक दोहोंची गल्लत करतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांना सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. तिथे मुलाची परीक्षा घेता येत नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त झाले तर सोडत काढतात. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून वगळले होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला.

म्हणजे दारे दोन आहेत. एका दारावर नशिबाची चिठ्ठी, दुसऱ्यावर परीक्षा. दोन्ही चांगलीच. पण एक लक्षात घ्या. चिठ्ठी लागून मूल शहरातल्या शाळेत गेले आणि तिसरीतही तिथेच राहिले, तर नवोदयसाठी ते शहरी झाले. परीक्षेला बसता येते, पण त्या साठ जागांचा आधार जातो. कोणते दार धरायचे, हे मूल दुसरीत असतानाच ठरवावे लागते.

पाचवी एकाच जिल्ह्यात

ज्या जिल्ह्याच्या विद्यालयात प्रवेश हवा, त्याच जिल्ह्यात राहणे हवे आणि पाचवीचे पूर्ण सत्रही त्याच जिल्ह्यातल्या शाळेत झालेले हवे.

हा नियम आपल्या ऊसतोडीला जाणाऱ्या भावंडांना फार जाचतो. दिवाळी झाली की बैलगाड्या, ट्रक भरून माणसे कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात. बरोबर पोरेही निघतात. पाचवीतल्या मुलाचे नाव तिकडच्या शाळेत घातले की त्याचे सत्र तुटले. घरी आजी-आजोबा असतील तर त्या एका वर्षी मूल मागे ठेवावे. ते नसतील तर गावात हंगामी वसतिगृहाची सोय होते का, याची मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी. टोळीच्या मुकादमाकडून उचल घेण्याआधी ही चौकशी झाली पाहिजे, मागाहून नव्हे.

वय आणि एकदाच संधी

वयाचीही मर्यादा आहे. २०२५-२६ च्या सहावीच्या प्रवेशासाठी जन्म १ मे २०१३ ते ३१ जुलै २०१५ या काळातला असावा लागत होता. दरवर्षी या तारखा एकेक वर्षाने पुढे सरकतात.

आमच्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा असे! गुरुजी विचारत, "कधी झालं हे पोरगं?" बाप सांगे, "मोठ्या पुराच्या साली." गुरुजी एक जून टाकून मोकळे होत. आता तसे चालत नाही. जन्माचा दाखला, शाळेचे रजिस्टर आणि आधार या तिन्ही ठिकाणी तारीख एकच असली पाहिजे. नावातला काना-मात्राही जुळला पाहिजे. दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून ती चौथीतच उरकावी.

आणि परीक्षेला एकदाच बसता येते. यंदा नाही लागला, पुन्हा पाचवीत बसवू आणि पुढच्या वर्षी देऊ, हा विचार कुणी करू नये. दुसऱ्यांदा बसण्यास मनाईच आहे. वाफसा एकदा गेला की पेरणी गेली, तसे हे आहे.

परीक्षेचा बागुलबुवा नको

परीक्षा दोन तासांची. प्रश्न ८०, गुण १००. त्यांत बुद्धिमत्ता चाचणीचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्नपत्रिका मराठीतून मिळते, इंग्रजीची गरज नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण इंग्रजी शाळेत घातल्याशिवाय नवोदय लागत नाही अशी एक समजूत पसरली आहे. ती साफ खोटी. उलट त्या समजुतीपायी मुलाची ग्रामीण जागा जाते.

अर्ज बहुधा पावसाळ्यात निघतात, म्हणजे नेमके आपण कोळपणी-खुरपणीत गुंतलेले असतो तेव्हा. अर्जाला पैसे पडत नाहीत. तो संगणकावरून भरायचा असतो. मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र, मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकाची सही एवढे लागते. परीक्षेची तारीख दरवर्षी सारखी नसते. आपल्याकडे २०२५-२६ च्या प्रवेशाची परीक्षा १८ जानेवारी २०२५ ला झाली आणि त्यापुढच्या वर्षाची १३ डिसेंबर २०२५ लाच. तेव्हा मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नये. गुरुजींना विचारावे.

शिकवणी लावलीच पाहिजे असे नाही. बुद्धिमत्तेच्या प्रश्नांत आकृत्या असतात. वेगळी आकृती ओळखा, अपुरी पूर्ण करा, आरशातली प्रतिमा सांगा, असे प्रश्न. त्यांचा सराव लागतो, तो रोज अर्धा तास केला तरी पुरतो. ज्या गावात एखादे गुरुजी किंवा बाई शाळा सुटल्यावर तासभर मुलांना घेऊन बसतात, त्या गावाची मुले लागतात, हे मी माझ्या फिरतीत पाहिले आहे. अशा शिक्षकाला गावाने जपावे.

आबांच्या अंगणात

पुन्हा आबांच्या घरी येतो. नियम सांगितल्यावर क्षणभर कुणी बोलले नाही. मग आबांचे मेहुणे म्हणाले, "अहो साहेब, सहा महिन्यांचं कोण बघतंय? तिसरी बी गावातच लिहा. मुख्याध्यापक आपलेच आहेत."

मी वहिनींकडे पाहिले. त्या लेकीकडे पाहत होत्या. पोरगी उंबऱ्यात उभी राहून सारे ऐकत होती.

मी म्हणालो, "लिहिता येईल. पण निवड झाल्यावर कागद तपासतात. तालुक्याच्या शाळेच्या रजिस्टरला तिचं नाव आहे, दाखला तिथून आणलेला आहे. खोटं निघालं तर प्रवेश जातो, मुख्याध्यापकांच्या नोकरीवर येतं. आणि नंबर लागून मग घरी परत पाठवलेल्या पोरीला काय सांगणार?"

आबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. शेवटी म्हणाले, "खरं तेच लिहा, साहेब. जमीन मोजताना बांध सरकवला नाही कधी, मग इथं कशाला सरकवू?"

मग मी माझी चूक कबूल केली. म्हणालो, "आबा, तालुक्याला घाला म्हणून मीच सांगितलं होतं. नियम मला तेव्हा नीट माहीत नव्हता." आबा म्हणाले, "तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं." माणूस मोठ्या मनाचा, म्हणून तसे बोलला. पण चांगल्यासाठी दिलेला अर्धवट सल्ला हा सल्ला नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो.

फॉर्म शहरी म्हणून भरला. पोरीने मन लावून अभ्यास केला, जानेवारीत परीक्षा दिली. मार्चअखेर निकाल लागला. यादीत नाव नव्हते. ग्रामीण धरली असती तर लागले असते का, हे मला सांगता येणार नाही. पण साठ जागांच्या दारातून आत जायचा जो तिचा हक्क होता, तो सहा महिन्यांपायी गेला, एवढे खरे.

निवड झाली तर, न झाली तर

ज्यांची निवड होते त्यांच्याही आईबापांनी दोन गोष्टी मनाशी धराव्यात. दहा-अकरा वर्षांचे लेकरू घर सोडून जाते. पहिले काही आठवडे ते रडणार. पहिल्या फोनलाच घ्यायला धावू नये. आणि नववीत काही मुलांना, साधारण ३० टक्के, एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या विद्यालयात पाठवतात. आपली मुले हिंदी मुलखात जातात, तिकडची इकडे येतात. ते ऐकून घाबरू नये. त्यातून मूल धीट होते.

ज्यांची निवड होत नाही ती मुले बिनकामाची ठरली, असे कुणी समजू नये. जागा ऐंशी आणि मुले हजारो. परीक्षेसाठी केलेला अभ्यास कुठे जात नाही. आबांची लेक आज शेजारच्या गावच्या हायस्कुलात जाते. गणितात वर्गात पुढे आहे. परवा भेटली तेव्हा मला म्हणाली, "काका, भावाला तालुक्याला पाठवू नका हं आत्ता."

तिचा भाऊ तिसरीत आहे. गावच्याच शाळेत. आबांनी त्याचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचे रजिस्टर जुळवून घेतले आहे. वहिनींनी ते कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याशेजारी पेटीत ठेवले आहेत.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बियाणे घेताना आपण पिशवीवरची तारीख वाचतो, दुकानदाराकडून पावती मागतो. मुलाचे नाव एका शाळेतून काढून दुसरीत घालताना मात्र शेजाऱ्याने घातले म्हणून घालतो, किंवा माझ्यासारख्या एखाद्या साहेबाने सांगितले म्हणून घालतो. तसे करू नका. जून महिन्यात दाखला काढण्यापूर्वी गुरुजींपाशी बसा आणि तीन गोष्टी विचारा. ही नवी शाळा कागदावर गावात येते की शहरात? पाचवीचे पूर्ण वर्ष मूल आपल्याच जिल्ह्यात राहील ना? जन्मतारीख सगळीकडे एकच आहे ना? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर मग दाखला काढायचा की नाही ते ठरवा.